बारावी जागा

सगळं सिंगापूर मिनिटाच्या काट्यावर चालतं, पण तिथला एक धक्का असा आहे जिथे वेळापत्रकच नाही. चांगी पॉइंटला जायचं, बाकावर बसायचं आणि माणसं मोजायची. बारा भरली की होडी सुटते. माणशी चार डॉलर, तेही रोख, नावाड्याच्या हातात.

“आणि बारा नाही भरली तर?” आईनं विचारलं.

“मग थांबायचं. घाई असली तर रिकाम्या जागांचे पैसे आपण वाटून भरायचे.”

“म्हणजे वडाप,” आई म्हणाली आणि पर्स मांडीवर घेऊन निवांत बसली. वाई-सातारा भागात जन्म गेलेल्या बाईला त्या एका शब्दानं परमुलुख ओळखीचा झाला.

पुलाउ उबीन हे सिंगापूरच्या ईशान्येला, मलेशियाच्या जोहोर किनाऱ्यासमोर पसरलेलं बेट. ‘पुलाउ’ म्हणजे मलाय भाषेत बेट. क्षेत्रफळ सुमारे दहा चौरस किलोमीटर. होडीच्या कडांना जुने टायर बांधलेले, डिझेलचा वास, दहा-पंधरा मिनिटांचा प्रवास. लोक इथं सायकली फिरवायला आणि खारफुटी बघायला येतात. मी येते माझ्या जुन्या खोडीपायी. चित्रं, सिनेमे, कपडे, दुकानांच्या पाट्या, देवळातले नवस, जिथे नजर अडकेल तिथे थांबायचं आणि ते वहीत उतरवायचं, एवढाच तो उद्योग. या बेटावर अशी अडकायची ठिकाणं पावलोपावली आहेत, कारण ज्यांचं मूळ काम कधीच संपलंय अशा कितीतरी गोष्टी इथं अजून उभ्या आहेत.

देवासमोरचा रंगमंच

होडीतून उतरून गावात शिरलं की चौकात एक पक्का रंगमंच लागतो. चिनी संगीतनाटकाचा. त्याच्यासमोर देऊळ आहे ते तुआ पेक कोंग या देवाचं. म्हणजे रंगमंचाचं तोंड लोकांकडे नसून देवाकडे आहे. गावकरी मधल्या जागेत बसणार, पण पहिला प्रेक्षक देव.

हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. कोकणात जत्रेच्या रात्री दशावतार देवळाच्या आवारात उभा राहतो तो याच नात्यानं. सिंगापुरात तर ही रीत आणखी एक पाऊल पुढे गेली आहे. चिनी पंचांगातल्या सातव्या महिन्यात पितर आणि भटके आत्मे पृथ्वीवर येतात अशी समजूत आहे. त्या महिन्यात ‘गेताई’ नावाचे गाण्यांचे जलसे होतात. चकचकीत टिकल्यांचे झगे, पिसांचे मुकुट, डोळे दिपवणारे दिवे असा सगळा थाट. आणि पुढची खुर्च्यांची रांग रिकामी ठेवलेली असते. ती पाहुण्यांची. जिवंत माणसानं तिथं बसायचं नाही.

दगडाच्या खाणी जोरात होत्या तेव्हा या बेटावर दोन हजारांच्या आसपास वस्ती होती. आज कायमची राहणारी माणसं थोडी थोडकीच उरली आहेत. गावातली बिन कियांग शाळा १९५२ साली सुरू झाली आणि मुलं संपली तशी १९८५ मध्ये बंद पडली. रंगमंच मात्र राहिला. शाळेला मुलं लागतात. नाटकाला समोरचा देव पुरतो.

दगड जिथे गेला तिथे

‘उबीन’ हे नाव फरशीसाठीच्या ‘जुबीन’ या शब्दावरून आलं असं सांगतात. बेट ग्रॅनाइटचं, आणि त्याचं एकोणिसाव्या शतकातलं मोठं काम म्हणजे होर्सबर्ग दीपगृह. पूर्वेला भर समुद्रात पेड्रा ब्रांका नावाचा खडक आहे. पोर्तुगीजमध्ये याचा अर्थ पांढरा दगड. त्यावर १८५१ साली हे दीपगृह उजळलं, आणि त्याचे चिरे उबीनमध्ये घडवून होड्यांनी नेले होते. बांधणारा जॉन टर्नबुल थॉमसन सरकारी सर्व्हेअर होता आणि हौशी चित्रकारही होता. उबीनच्या किनाऱ्यावरचे उभ्या पन्हळींचे खडक त्यानं १८५० मध्ये चितारले. पावसानं शेकडो वर्षं कोरलेल्या त्या रेघा बघून तो थबकला असणार. एकीकडे दगड फोडायचा आणि दुसरीकडे त्याच दगडाचं चित्र काढायचं, असे दोन्ही हात त्याचेच.

मला इथं आपली घारापुरी आठवते. तीही शहराच्या कडेला, तीही दगडाची. तिथे माणसानं दगड बेटावरच ठेवला आणि त्यातून शिव काढला. इथे दगड बेटाबाहेर गेला आणि मागे खड्डे उरले. शेवटची खाण १९९९ मध्ये बंद झाली, खड्ड्यांत पावसाचं पाणी साचलं, आणि आता गावाजवळच्या पेकान खाणीतल्या हिरव्या डोहावर बगळे वसाहत करून राहतात. पेड्रा ब्रांका कुणाचा यावर सिंगापूर आणि मलेशियात पुढे वाद झाला. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं २००८ मध्ये तो खडक सिंगापूरला दिला. उबीनचे चिरे दीडशे वर्षं त्यावर उभेच होते.

विजेच्या बाबतीत मात्र घारापुरी पुढे निघाली. तिला २०१८ मध्ये समुद्राखालून केबल टाकून वीज मिळाली. उबीन श्रीमंत सिंगापूरचं असूनही मुख्य जाळ्याला जोडलेलं नाही. धक्क्याजवळ सौरऊर्जेचं छोटं जाळं आहे, बाकी ठिकाणी जनरेटरची घरघर.

विषुववृत्तावरची शेकोटी

आईचे गुडघे सायकलीचे नाहीत म्हणून आम्ही व्हॅन केली आणि पूर्वेच्या टोकाला चेक जावाला गेलो. तिथं समुद्राकाठी एक घर आहे, ‘हाउस नंबर वन’. १९३० च्या दशकात एका इंग्रज मुख्य सर्व्हेअरनं बांधलेलं. काळ्या लाकडी पट्ट्या, पांढऱ्या भिंती, उतरतं कौलारू छप्पर, थेट इंग्लंडच्या खेड्यातलं ट्यूडर वळण. आणि आत दिवाणखान्यात शेकोटी! धुराड्यासकट. सिंगापुरात चालू स्थितीतली अशी ही एकच शेकोटी म्हणतात.

आई त्या शेकोटीसमोर घाम पुसत उभी राहिली. “महाबळेश्वरला ठीक आहे गं. इथं कशाला?”

कशाला, हाच त्या घराचा खरा विषय. ऊब कुणालाच नको होती. त्या माणसाला विस्तवाभोवती बसलेल्या घराचं चित्र हवं होतं. आपले परदेशातले लोक विसाव्या मजल्यावर तुळशीवृंदावन ठेवतात, गॅसच्या शेगडीजवळ पितळी बंब शोभेला मांडतात, त्यातलाच हा प्रकार. कपड्यांच्या फॅशनसारखीच घरांचीही असते, आणि तीही हवामानाला जुमानत नाही.

घराबाहेर ओहोटीला उघडी पडणारी चेक जावाची पाणथळ आहे. वाळू, चिखल, सागरी गवत, प्रवाळाचे तुकडे आणि खारफुटी, सगळं एकाला एक लागून. २००१ मध्ये ती भराव घालून बुजवायचं ठरलं होतं. बातमी पसरली तशी माणसं ओहोटीच्या वेळा बघून येऊ लागली. आधी संग्रहालयाचे स्वयंसेवक नोंदी करायला, मग शाळेतली मुलं, मग लहान पोरांना कडेवर घेतलेले आईबाप. तारामासे, समुद्री काकड्या, चिमणे खेकडे यांचे फोटो घराघरांत गेले. जानेवारी २००२ मध्ये सरकारनं भराव पुढे ढकलल्याचं जाहीर केलं. रद्द केला नाही, पुढे ढकलला, हे लक्षात ठेवायला हवं. २००७ मध्ये पाण्यावरची पायवाट खुली झाली. बुजवण्याआधी एकदा डोळे भरून बघू म्हणून आलेल्या माणसांनी ती जागा वाचवली, असं म्हणायला हरकत नाही.

सिनेमावाला आणि धनेश

परतताना डोक्यावरून एक काळा-पांढरा पक्षी पंखांचा फडफडाट करत गेला. पिवळसर चोच, त्यावर टोपीसारखं शिंगाडं. “हा आपल्याकडचा धनेश,” आई म्हणाली. थोडा वेगळा. कोकणातल्या कवड्या धनेशाचा हा पूर्वेकडचा चुलतभाऊ. सिंगापुरातून तो शंभराहून जास्त वर्षं नाहीसा झाला होता. १९९४ मध्ये एक जोडी उबीनला दिसली, पुढे त्यांच्यासाठी झाडांवर कृत्रिम ढोल्या बसवल्या आणि आता तो शहरातल्या इमारतींच्या कठड्यांवरही बसलेला दिसतो.

धनेश दिसला की मला लोक वान थो आठवतो. सिंगापूरच्या ‘कॅथे’ या मोठ्या चित्रपटसंस्थेचा हा मालक पक्ष्यांची छायाचित्रं काढणारा वेडा माणूस होता. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्य आलं तेव्हा तो निसटला. त्याच्या जहाजावर बाँब पडले, त्यातून वाचून तो हिंदुस्थानात पोचला आणि मुंबईत त्याची सलीम अलींशी गाठ पडली. ती मैत्री जन्मभर टिकली. सलीम अलींच्या कितीतरी भटकंतींना त्यानं पैसा पुरवला, कॅमेरा घेऊन स्वतःही गेला. १९६४ मध्ये तैवानमधल्या विमान अपघातात तो गेला.

त्याच्या भागीदारीतल्या कॅथे-केरिस स्टुडिओनं १९५७ मध्ये ‘पोंतियानाक’ नावाचा भयपट काढला. दिग्दर्शक बी. एन. राव भारतीय, नायिका मारिया मेनादो त्या काळची सौंदर्यवती. पोंतियानाक म्हणजे बाळंतपणात दगावलेल्या बाईचं भूत. आपली हडळ म्हणा ना. चित्रपट तुफान चालला. आज त्याची प्रत कुठेही सापडत नाही. एवढ्या माणसांनी पाहिलेला चेहरा कायमचा गेला. आणि जिचा चेहरा कुणीच पाहिलेला नाही अशी एक मुलगी मात्र याच बेटावर रोज नटते.

फणी, आरसा, नखरंग

बेटाच्या पश्चिमेला, केताम खाणीच्या बाजूला, झाडीत एक छोटं देऊळ आहे. गोष्ट अशी सांगतात. पहिल्या महायुद्धाआधी उबीनवर एका जर्मन कुटुंबाचा कॉफीचा मळा होता. १९१४ मध्ये युद्ध पेटलं आणि ब्रिटिश सैनिक जर्मनांना पकडायला आले. घरातली तरुण मुलगी मागच्या दारानं पळाली आणि कड्यावरून पडून गेली. मजुरांना तिचं प्रेत सापडलं तेव्हा त्यावर मुंग्या चढल्या होत्या. त्यांनी तिला पुरलं. पुढे खाण सरकत थडग्यापर्यंत आली तेव्हा अवशेष उकरून कलशात ठेवले आणि इथं आणले. तिचं नाव कुणाला माहीत नाही. ख्रिस्ती मुलगी, पुरणारे मळ्यातले मजूर, पूजा चिनी पद्धतीची. कडेला उदबत्त्या, फळं, आणि लॉटरीचा आकडा मागणारे भक्त.

आणि समोर मांडलेलं सगळं? अत्तराच्या बाटल्या, लिपस्टिक, पावडर, नखरंग, आरसे, कंगवे. मधोमध काचेआड बार्बी. एका परदेशी माणसाला स्वप्नात ही मुलगी दिसली, तिनं त्याला बाहुलीच्या दुकानात नेलं आणि म्हणून त्यानं ती आणून ठेवली, अशी कथा इथं ऐकायला मिळते.

मी हसण्याच्या बेतात होते. ग्रेटा गेर्विगचा २०२३ चा गुलाबी ‘बार्बी’ मी थिएटरात जाऊन पाहिला होता आणि वहीत टिंगलही लिहिली होती. पण आईनं चपला काढल्या.

“अगं, हिला आसरांना लागतं तेच सगळं दिलंय की.”

कृष्णाकाठच्या माणसाला साती आसरा सांगाव्या लागत नाहीत. नदीच्या किंवा विहिरीच्या काठी शेंदूर लावलेले सात दगड. त्यांना हिरव्या बांगड्या, हळदकुंकू, खण, फणी, करंडा. पाण्यापाशी राहणाऱ्या या बायांना नटायला आवडतं, आणि नटायला मिळालं नाही तर त्या रुसतात. अकाली गेलेल्या, लग्न न झालेल्या पोरीचं काय राहून गेलं, याचा विचार आपल्या बायकांनीही केला आणि उबीनच्या मजुरांनीही केला. उत्तर दोन्हीकडे एकच निघालं.

बार्बीची गोष्टही पाहण्यासारखी आहे. पश्चिम जर्मनीत ‘बिल्ड’ वर्तमानपत्रात १९५२ पासून लिली नावाच्या फटकळ मुलीची व्यंगचित्रं येत. १९५५ मध्ये तिची बाहुली निघाली. ती पोरींच्या खेळण्यापेक्षा मोठ्यांच्या गमतीसाठी जास्त खपायची. अमेरिकेच्या मॅटेल कंपनीतल्या रूथ हँडलरनं ती स्वित्झर्लंडमध्ये पाहिली, घरी नेली, आणि मार्च १९५९ मध्ये काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा पोहण्याचा पोशाख घालून बार्बी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या जत्रेत उभी राहिली. मुलीचं नाव बार्बरा, म्हणून बाहुली बार्बी. पण साचा जर्मन. उबीनला बाहुली आणून ठेवणाऱ्याला हे ठाऊक होतं की नाही कोण जाणे. नाव हरवलेल्या जर्मन मुलीला चेहरा मिळाला तो अमेरिकन नाव घेतलेल्या जर्मन बाहुलीचा.

बाहुलीचं मूळ काम खेळण्याचं. ते इथं संपलं आणि दुसरं सुरू झालं. शेकोटी, खाण यांना दुसरं काम मिळायला संग्रहालयवाले, सरकार, पक्षी असं कुणीतरी लागलं. हिला कुणी नेमलं नाही. येणाऱ्या प्रत्येकानं खिशातलं काहीतरी काढून ठेवलं, एवढंच.

आई पर्समध्ये शोधू लागली. टिकल्यांचं पाकीट काढलं, जरा थांबली. “ख्रिश्चन ना गं ती पोर?” पाकीट परत आत गेलं. मग तळातून एक छोटी फणी निघाली, प्लास्टिकच्या वेष्टनातली. “नवीच आहे. दोन वर्षं नुसती वागवतेय.” वेष्टन फाडून तिनं फणी आरशाशेजारी ठेवली, दात बाहुलीकडे करून.

संध्याकाळी धक्क्यावर आम्ही अकरा जण होतो. नावाडी गावाकडच्या वाटेकडे बघत होता. एक मलाय आजोबा, सायकली टाकून आलेली कॉलेजची पोरं, आम्ही दोघी. कुणी येईना. शेवटी आजोबांनी बोटांनी खूण केली, सगळ्यांनी थोडे थोडे पैसे काढले आणि बाराव्या माणसाचं भाडं गोळा झालं.

होडीत आईशेजारी एक जागा रिकामी होती. मी वही-कॅमेऱ्याची पिशवी तिथं ठेवायला गेले तर आईनं ती उचलून माझ्या मांडीवर दिली.

“राहू दे,” ती म्हणाली. “त्या जागेचे पैसे भरलेत.”