साहेबाच्या पायात चाळ

"काय गं, दीडशे वर्षं त्यांनी आपल्यावर राज्य केलं, आता त्यांच्याच घुंगरांवर नाचायचं?" गेल्या गणपतीत जेवणाच्या रांगेत मंडळातल्या एका काकांनी मला विचारलं. माझ्या हातात मसालेभाताची प्लेट होती, मागे रांग तुंबली होती. मी नुसती हसले. तेव्हा राहिलेलं उत्तर आता लिहिते आहे.

काकांनी माझा फोटो पाहिला होता. पांढरा शर्ट, पांढरी पँट, छातीवर फुलीसारखे दोन पट्टे, गुडघ्याखाली घुंगरांचे चाळ, दोन्ही हातांत पांढरे रुमाल, आणि उडी मारताना उघडं पडलेलं तोंड. पन्नाशीच्या बाईचा असा फोटो चारचौघांनी पाहण्यासारखा नाही, हे मान्य. या नाचाला मॉरिस म्हणतात. तीन-तीनच्या दोन ओळींत सहा जण, बाजूला एखादं फिडल किंवा छोटं अकॉर्डियन; कधी हातात रुमाल, कधी काठ्या. मी त्यात शिरले ती काही संस्कृतीच्या ओढीने नव्हे. नाद मुलीला लागला होता, मी फक्त गाडी चालवून तिला सरावाला पोचवायची. एका संध्याकाळी पाचच जण आले. सहाव्याशिवाय ओळ पुरी होईना, म्हणून मला "नुसती उभी राहा" म्हणाले. एक-दोन-तीन-उडी, एक-दोन-तीन-उडी. माझे पाय आपसूक पडायला लागले. लातूरच्या शाळेत हलगीवर लेझीम खेळलेले पाय होते ते. पस्तीस वर्षांत त्यांना कोणी विचारलं नव्हतं, एवढंच.

आता काकांचा प्रश्न. आपल्यावर राज्य करणारा साहेब मॉरिस नाचत नव्हता. तो नाचणारे होते खेड्यातले शेतमजूर, गवंडी, सुतार. १८९९ सालच्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टन गावात काही माणसं भर थंडीत नाचत आली. खरं तर हा नाच उन्हाळ्यातला. पण कडाक्याच्या थंडीने बांधकामं बंद पडली होती, मजुरी नव्हती, म्हणून अवेळी चाळ बांधून ते चार पैसे मिळवायला निघाले होते. त्यांच्यात कॉन्सर्टिना वाजवणारा विल्यम किंबर हा गवंडीच. सासुरवाडीला आलेल्या सेसिल शार्प या संगीतशिक्षकाने खिडकीतून हे पाहिलं, दुसऱ्या दिवशी किंबरला बोलावून घेतलं आणि चाली लिहून काढल्या. इंग्लंडमधलं लोकनृत्याचं पुनरुज्जीवन सुरू झालं ते असं, बुडालेल्या मजुरीतून. मला हे वाचताना आमच्या दारी येणारा वासुदेव आठवला. त्याच्या चाली तेव्हा कोणी लिहून घेतल्या असत्या तर!

हाच शार्प पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत आला. १९१५ मध्ये इथे जी शाखा निघाली, तीच आजची 'कंट्री डान्स अँड साँग सोसायटी'. तिचं कार्यालय आपल्याच मॅसॅच्युसेट्समध्ये, ईस्टहॅम्प्टनला आहे. उन्हाळ्यात प्लिमथच्या जंगलात, तळ्याकाठी, पाइनवुड्सचं नृत्यशिबिर भरतं. व्हरमाँटमध्ये १९७६ पासून मार्लबरोचा मॉरिस मेळा होतो. इतक्या लांबून पथकं येतात की मला आषाढीच्या दिंड्या आठवतात. फक्त इथे टाळांऐवजी बिअरचे ग्लास वाजतात.

प्लिमथचं नाव वाचून कोणाला गंमत वाटली का? मला फार वाटली. १६२७ साली आजच्या क्विन्सीमध्ये, जिथे आपल्यातली बरीच कुटुंबं राहतात, टॉमस मॉर्टन नावाच्या माणसाने मे महिन्याचा सण केला. ऐंशी फुटी पाइनचा खांब उभारला, शेंड्याला हरणाची शिंगं ठोकली, भोवती इथल्या मूळच्या लोकांनाही नाचायला बोलावलं. प्लिमथच्या धर्मनिष्ठ शेजाऱ्यांना ते बघवलं नाही. पुढच्याच वर्षी मॉर्टनला पकडून इंग्लंडला पाठवलं आणि खांब तोडून टाकला. १६५९ ते १६८१ या काळात तर मॅसॅच्युसेट्समध्ये नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता! त्याच प्लिमथमध्ये आता दर उन्हाळ्यात घुंगरं वाजतात. सण बंद करणाऱ्यांपेक्षा सण चिवट असतात.

सगळंच गोड आहे असं नाही. मॉरिसच्या काही प्रकारांत तोंडाला काळं फासायची पद्धत होती. "वेश बदलण्यासाठी" असं सांगितलं जायचं, पण ज्यांच्या रंगाची ती नक्कल दिसते त्यांना ते कसं लागेल, हा प्रश्न पुष्कळ वर्षं टाळला गेला. २०२० साली इंग्लंडमधल्या मोठ्या मॉरिस संघटनांनी ते थांबवायचं ठरवलं. आमच्या पथकात तो प्रकार कधीच नव्हता. तरी मुलीने पहिल्या वर्षी मला विचारलं होतं, "आई, आपण यात चालतो ना?" मी "हो" म्हटलं. तेव्हा माझी खात्री नव्हती.

ती झाली एका जानेवारीत. बाबा गेल्यावर आई सहा महिन्यांसाठी माझ्याकडे आली होती. शेत अर्धलीनं दिलेलं. मार्गशीर्षातली वेळा अमावस्या, आमच्याकडची येळवस, त्या वर्षी ती पहिल्यांदाच शिवाराबाहेर होती. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: त्या दिवशी लातूर शहर ओस पडतं. सगळे शेतात. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा, भज्जी, बाजरीचे उंडे, मडकंभर आंबील. आणि जेवणाआधी ती आंबील उभ्या पिकावर शिंपडत शेताला फेरा. आईने इथून फोन लावला. शेत करणारा पाहुण्यांकडे गेला होता. आंबील कोणी टाकलीच नव्हती. आईने फोन ठेवला आणि दिवसभर बोलली नाही.

तीन आठवड्यांनी आमच्या पथकाला एका सफरचंदाच्या बागेत वॉसेलिंगला बोलावलं. हा इंग्लंडच्या सफरचंदी मुलखातला रिवाज. तिथे काही गावांत तो अजून १७ जानेवारीलाच करतात, कारण १७५२ साली कॅलेंडर बदललं, अकरा दिवस गळाले, पण झाडांना कॅलेंडर कुठलं कळतं? बागेतल्या सगळ्यात जुन्या झाडाभोवती जमायचं, मुळाशी सायडर ओतायचा, सायडरमध्ये भिजवलेला टोस्ट पाखरांसाठी फांदीला अडकवायचा आणि पातेली-झाकण्या बडवून झाडांना जागं करायचं: पुढच्या हंगामाला भरपूर धर.

आई दोन कोट घालून, वर शाल गुंडाळून बर्फात उभी होती. पहिला पेला ओतला गेला आणि ती म्हणाली, "अगं, ही तर येळवस की!" मग पुढे होऊन हलक्या आवाजात, "दारू नाही ना ही?" इथला सायडर म्हणजे सफरचंदाचा रसच, हे मी सांगितलं. तिने बागेच्या मालकिणीच्या हातातून भांडं घेतलं, खाली पडलेली एक डहाळी उचलली, रसात बुडवली आणि शिंपडत निघाली. एका झाडाशी थांबली नाही. दुसरं, तिसरं, पुढची ओळ. तिला शेताला फेरा घालायची सवय. फिडलवाला वाजवत तिच्या मागे, त्याच्या मागे आम्ही चाळवाले, मागे पातेली घेतलेली पोरं. भांडं रिकामं झालं तेव्हा ती थांबली. गाडीत बसल्यावर कितीतरी वेळाने म्हणाली, "शेवटची पाच झाडं राहिली बघ."

मे महिन्याच्या पहिल्या दिवशी तिला पुन्हा नेलं, आठवड्यावर तिचं विमान होतं. केंब्रिजला चार्ल्स नदीकाठी पहाटे अंधारात लोक जमतात आणि साडेपाचच्या सुमाराला सूर्य वर येतो तसा नाच सुरू होतो. नंतर मुलांनी रंगीत फितींचा खांब घेतला. म्हणजे आपला गोफच. फक्त आपला वरून टांगलेला, त्यांचा जमिनीत रोवलेला. फितींचा गुंता झाला. मोठी माणसं सूचना देऊ लागली, तसा तो वाढला. आई मध्ये शिरली. "थांबा. उलटं फिरा, जसे आलात तसे जा." माझ्या मुलीने इंग्रजीत सांगितलं. मुलं उलटी फिरली आणि फिती एकेक करून सुटल्या.

सातच्या आत सगळे आपापल्या कामाला पांगले. आम्ही रेड लाइन पकडली. माझे चाळ सोडायचे राहून गेले होते, गाडी प्रत्येक वळणावर वाजत होती. समोरचा एक माणूस पेपरवरून बघत होता. आईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पाय हलवू नको," ती म्हणाली, "लोक बघायलेत."