सपाट रेषेआड दडलेले

दुरुस्तीला आलेला एक ॲम्प्लिफायर गाणे बंद असतानाही तापत होता. ट्वीटर दोनदा जळला होता. तेव्हा माझ्याकडे ऑसिलोस्कोप नव्हता. (इलेक्ट्रॉनिक्स मी शिकलो तेच उघड्या डब्यांसमोर बसून.) रोधकांचा विभाजक लावून त्याचे आउटपुट संगणकाच्या साउंड कार्डाला जोडले आणि फुकट मिळालेल्या स्कोप-सॉफ्टवेअरवर पाहिले. रेषा सपाट! ट्रान्झिस्टर तपासण्यात दोन दिवस गेले. शेवटी मित्राचा २० मेगाहर्ट्‌झचा जुना स्कोप आणला, तर रेषेच्या जागी जाड पट्टा. ॲम्प्लिफायर आपणहून काही लाख हर्ट्‌झवर आंदोलने करत होता.

साउंड कार्ड सेकंदाला सहसा ४४,१०० किंवा ४८,००० नमुने घेते. एका आंदोलनामागे दोनाहून अधिक नमुने हवेत, म्हणजे मर्यादा जेमतेम २२ ते २४ हजार हर्ट्‌झ. त्यावरचे सारे कार्डातली गाळणीच अडवते. शिवाय इनपुटला कपॅसिटर असल्याने डीसी दिसत नाही. १२ व्होल्टची बॅटरीही तिथे शून्यच. जे आत आलेच नाही, ते सॉफ्टवेअर दाखवणार कोठून?

मात्र याच कार्डाने स्कोपला हरवलेलेही मी पाहिले आहे. स्वस्त डिजिटल स्कोप बहुधा ८ बिटांचा, म्हणजे उभ्या अक्षावर २५६ पायऱ्या. १६ बिटांच्या कार्डात त्या ६५,५३६. स्कोपवर न दिसणारी बारीक गुणगुण कार्डाच्या स्पेक्ट्रममध्ये सुळक्यासारखी उभी राहते. सुळका १०० हर्ट्‌झवर असेल तर मी आधी पॉवर सप्लायचा फिल्टर कपॅसिटर पाहतो; ५० वर असेल तर अर्थिंग आणि शील्ड. ध्वनीच्या कामासाठी महागडा स्कोप घेणाऱ्याला मी थांबवतो, ते यामुळेच.

यूएसबी स्कोप हा मधला मार्ग. नमुने वेगळे यंत्र घेते, संगणक फक्त पडदा पुरवतो. पण त्याचे ग्राउंड बहुधा संगणकाचेच असते. एसएमपीएसच्या मेन्सकडच्या बाजूला ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी असतो; डिफरन्शियल प्रोब नसेल तर तिथे क्लिप लावू नये. ही चूक टेबलावरच्या स्कोपलाही महागच पडते, पण संगणकासोबत वर्षानुवर्षांची टिपणेही जातात.

त्या ॲम्प्लिफायरात आउटपुटजवळचा दहा ओहमचा रोधक तुटलेला निघाला. काही रुपयांचा.