तिसऱ्या घंटेआधीचं जेवण

वर्ध्यातल्या नाटकवेड्या माणसाचा मुंबईचा बेत साधारण ठरलेला असतो. संध्याकाळी विदर्भ एक्स्प्रेस धरायची, सकाळी मुंबईत उतरायचं, दुपारपर्यंत असेल ते काम उरकायचं आणि उरलेल्या दिवसात दोन नाटकं गाठायची. साडेसातशे किलोमीटर गाडीत बसून गेल्यावर एका प्रयोगावर कोणाचं मन भरत नाही. दौऱ्यावरची नाटकं नागपूर-अमरावतीला येतात, कधी वर्ध्यालाही येतात. पण एकाच दिवशी दोन वेगळी नाटकं पाहण्याची चैन इथे फारशी मिळत नाही. म्हणून दुपारचं एक, रात्रीचं एक. आणि या दोहोंच्या मधे जेवायचं कुठे, किती आणि किती वेळात, हा प्रश्न उभा राहतो.

हिशोब सोपा दिसतो, पण असतो अवघड. दुपारचा प्रयोग चारला असला तरी सुरू होता होता सव्वाचार होतात. मध्यंतर धरून पडदा पडेपर्यंत सात. रात्रीचा प्रयोग साडेआठचा. दोन्ही नाटकं एकाच नाट्यगृहात असतील तर दीड तास हाताशी राहतो. दुसरं नाटक पार्ल्याला किंवा ठाण्याला असेल, तर लोकलच्या गर्दीतून उरतात जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं. एवढ्यात थाळी होत नाही. टेबल मिळेपर्यंतच पहिली घंटा झालेली असते.

ही अडचण मराठी रंगभूमीला जन्मापासून नव्हती. 5 नोव्हेंबर 1843 रोजी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगमंचावर आलं. त्या काळचा प्रेक्षक घरून जेवून-खाऊन निघत असे. संगीत नाटक रात्री उशिरा सुरू व्हायचं आणि गाण्यांना ‘वन्समोअर’ मिळत मिळत उत्तररात्रीपर्यंत चालायचं. जेवण आधी, नाटक नंतर. दोघांची वेळ एकमेकांना छेदतच नव्हती. नटांचंही तसंच. नाटक कंपनीचं बिऱ्हाड असे, स्वयंपाकी असत, पंगती उठत. गंधर्व मंडळीच्या पंगतींचं वैभव तर आठवणींच्या पानापानांतून वाचायला मिळतं.

नाटक आटोपशीर झालं आणि जेवणाची जागा गेली. 1 जुलै 1933 रोजी नाट्यमन्वंतर या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ आणलं. गाण्यांच्या मैफलीऐवजी बांधेसूद, थोडक्या वेळाचं नाटक ही वाट त्यानंतर रुळत गेली. साठच्या दशकात मोठी नाट्यगृहं उभी राहिली: दादरचं शिवाजी मंदिर 1965 मध्ये, पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर 1968 मध्ये. नाट्यगृह सत्रांनी भाड्याने मिळू लागलं. सकाळचं सत्र, दुपारचं सत्र, रात्रीचं सत्र. शेवटच्या लोकलच्या आत प्रेक्षक सुटला पाहिजे, म्हणून रात्रीचा प्रयोग अलीकडे सरकला आणि नेमका जेवणाच्या वेळेवर येऊन बसला.

दादरने या वेळापत्रकाशी जुळवून घेतलं, असं मला वाटतं. शिवाजी मंदिराच्या आसपासचं खाणं पाहा. दादर स्टेशनाजवळचं मामा काणे यांचं उपाहारगृह 1910 सालचं, म्हणजे नाट्यगृहाहून वयाने कितीतरी मोठं. छबिलदास गल्लीत बटाटावडा, आणि तिथल्याच छबिलदास शाळेच्या सभागृहात सत्तरच्या दशकात प्रायोगिक रंगभूमीची चळवळ वाढली. सेनाभवनाच्या बाजूला चालत गेलात तर आस्वादची मिसळ आणि थालीपीठ, प्रकाशमधला साबुदाणावडा आणि पियूष. यातला एकही पदार्थ समोर यायला फार वेळ लागत नाही, आणि यातला एकही पोटात जड होऊन दुसऱ्या अंकात डुलकी आणत नाही. दोन प्रयोगांच्या मधे पोळीभाजी, आमटीभाताच्या मागे लागू नये. एक तळलेलं, एक भाजलेलं, वर ताक किंवा पियूष. पैसे आधीच सुटे काढून ठेवावेत. रात्रीचं नाटक संपल्यावर खरी भूक लागते, तिची सोय मात्र आधी बघून ठेवावी लागते, कारण तोवर पुष्कळ ठिकाणी खुर्च्या टेबलांवर चढलेल्या असतात.

नटांचं गणित याहून कठीण. प्रशांत दामले यांनी 2001 साली एकाच दिवसात 5 प्रयोग केले. अशा दिवशी जेवण म्हणजे रंगपटात, चेहऱ्यावरचा रंग सांभाळत घेतलेले चार घास. गळ्यावर काम असणारा नट प्रयोगाआधी पोटभर जेवत नाही. तो जेवतो पडदा पडल्यावर, सेट गाडीत चढल्यावर. दौऱ्याच्या बसला आणि हायवेवरच्या धाब्याला म्हणूनच रंगभूमीच्या इतिहासात जागा असायला हवी.

मधल्या जेवणाचा सगळ्यात अर्थपूर्ण प्रसंग मात्र आपल्या विदर्भाच्या नाटकाने घडवला. महेश एलकुंचवार यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे. त्यांचं ‘वाडा चिरेबंदी’ 1985 मध्ये विजया मेहतांच्या दिग्दर्शनात आलं. पुढे ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ लिहून झाल्यावर 1994 मध्ये ‘आविष्कार’ या संस्थेने चंद्रकांत कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनात तिन्ही भाग सलग केले. जवळपास नऊ तासांचा तो प्रयोग. अर्थातच मधे थांबावं लागे, खावं लागे. अलीकडे कुलकर्णींनी पहिले दोन भाग पुन्हा रंगमंचावर आणले, तेव्हाही दोन्ही भाग लागोपाठ पाहण्याची संधी प्रेक्षकांना मिळाली.

या नाटकात जेवण हा वरवरचा तपशील नाही. घरातले वडील तात्याजी गेलेत, धरणगावच्या देशपांड्यांचा वाडा खचतोय, आणि गावाला तेराव्याचं जेवण घालायचं की नाही, घालायचं तर पैसा कोणाचा, यावर भावाभावांत धुसफूस चालली आहे. स्वयंपाकघरात वहिनीचा जन्म चाललाय. हे पाहून बाहेर यायचं आणि अनोळखी प्रेक्षकांसोबत एका बाकड्यावर बसून खायचं. तिथे आपोआप बोलणं सुरू होतं. कोणाच्या आजोळचा वाडा, कोणाच्या वाटणीची शेती. माझ्या मते मधला वेळ नाटकाच्या बाहेरचा नसतो. पहिल्या नाटकाची चर्चा तिथेच होते, आणि दुसऱ्यासाठी मन तिथेच मोकळं होतं.

विदर्भातच याची दुसरी तऱ्हाही आहे. वर्ध्याच्या पूर्वेला भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतली झाडीपट्टी रंगभूमी. वडसा हे तिचं केंद्र. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो, नाटक रात्री उशिरा उभं राहतं आणि पहाटेपर्यंत चालतं. तिथे हॉटेल शोधायची वेळ येत नाही. ज्या गावात नाटक, त्या गावात घरोघरी पाहुणे. लेकी-जावई येतात, दिवसा शंकरपट, रात्री जेवून सगळं घर नाटकाला. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेले डॉ. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली.

वर्धा या दोन्हींच्या मधे आहे. इथे दादरसारखी गल्ली नाही, झाडीपट्टीसारखं गावजेवणही नाही. पण आलूबोंडा-तर्री आहे, गोरस भांडारचा गोरसपाक आहे, आणि जिल्ह्यात दारूबंदी असल्यामुळे संध्याकाळी बायकामुलांसह निवांत बसता येईल अशा खाण्याच्या जागा आहेत. फेब्रुवारी 2023 मध्ये 96वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे भरलं, तेव्हा एका सत्रातून दुसऱ्या सत्रात जाणाऱ्या माणसांना खाऊ घालण्याचा अनुभव शहराने घेतला आहे. जिल्ह्याच्या गावी नाट्यगृह बांधताना आसनसंख्या, वातानुकूलन, पार्किंग यांवर चर्चा होते. उपाहारगृहाचा विचार शेवटी होतो. ते पंधरा मिनिटांत गरम खाणं देणारं, दोन्ही प्रयोगांच्या वेळी उघडं राहणारं आणि पडदा पडल्यावरही तासभर चूल चालू ठेवणारं हवं. तसं झालं तर आर्वी, हिंगणघाट, देवळी, पुलगावचा प्रेक्षक वर्ध्याला येऊन दुपारचं आणि रात्रीचं, दोन्ही नाटकं पाहील.