साध्या चित्रांतले गूढ : रने माग्रीत

अतिवास्तववादी चित्रकार म्हटला की साल्वादोर दालीच्या टोकदार मिशा आणि वितळणारी घड्याळे डोळ्यांपुढे येतात. मला मात्र या पंथात अधिक धाडसी वाटतो तो बेल्जियमचा रने माग्रीत (१८९८–१९६७). त्याचे राहणे चारचौघांसारखेच होते. ब्रुसेल्सच्या एका उपनगरात भाड्याच्या घरात त्याने १९३० ते १९५४ हा काळ काढला. परसातल्या स्टुडिओत तो पोटासाठी जाहिरातींची कामे करी. चित्रे रंगवी ती जेवणाच्या खोलीत.

त्याची शैलीही अशीच साधी. तरुणपणी त्याने भिंतींना चिकटवायच्या कागदांच्या कारखान्यात नक्षीकाम केले होते. दुकानाच्या पाटीवर शोभावे असे स्वच्छ, गुळगुळीत रंगकाम त्याने बहुतेक काळ केले. 'हे कसले चित्र, ही तर जाहिरात!' असे कोणी म्हणेल. पण माझ्या मते त्याचे सामर्थ्य नेमके इथेच आहे.

१९२९ च्या सुप्रसिद्ध चित्रात त्याने तंबाखूचा एक पाइप हुबेहूब रंगवला आणि खाली लिहिले, 'हा पाइप नव्हे.' खरेच आहे. त्यात तंबाखू भरता येत नाही! परंतु तोच पाइप जोरकस फटकाऱ्यांनी रंगवला असता, तर आपण कुंचल्याचे कौतुक करीत बसलो असतो. पाइप ओळखीचा वाटतो, म्हणूनच खालचे वाक्य आपल्याला अडवते.

१९५३ च्या एका चित्रात गोल हॅट घातलेली असंख्य माणसे घरांसमोर हवेत तरंगताना दिसतात. नाव आहे 'गोलकोंडा', म्हणजे आपल्या दख्खनचा, हिऱ्यांसाठी गाजलेला गोवळकोंडा! हे नाव त्याच्या कवी मित्राने, लुई स्क्युतनेरने सुचवले. चित्रात ना किल्ला, ना हिरे. नाव चित्राचा उलगडा करीत नाही, उलट कोडे वाढवते.

माग्रीत तेरा वर्षांचा असताना, १९१२ साली, त्याच्या आईने नदीत जीव दिला. १९२८ च्या 'प्रेमिक' या चित्रातील कापडाने झाकलेल्या चेहऱ्यांचा संबंध अनेक समीक्षक या घटनेशी जोडतात. माग्रीतला स्वतःला असे अर्थ लावणे मान्य नव्हते. मला तो अधिकार त्याचा वाटतो. दुःखाची किल्ली लावून चित्र एकदा 'उघडले' की आपण ते पाहणेच थांबवतो.

आपण विद्यार्थी 'स्वतःची शैली' शोधताना बहुधा हाताचा झटका शोधतो. माग्रीतने शोधला तो विचार, आणि हात त्याच्या आड येऊ दिला नाही. हीदेखील शैलीच होय. किंबहुना अधिक अवघड.