करकंबची बाजार आमटी आणि मेक्सिकोचा स्वयंपाक

पंढरपूर तालुक्यातील करकंब या गावाचे नाव सोलापूर जिल्ह्याबाहेर पोहोचविण्याचे श्रेय तेथील एका आमटीकडे जाते. तिला बाजार आमटी म्हणतात. आठवड्याच्या बाजारासाठी जमलेल्या मंडळींच्या जेवणाशी तिचे नाते सांगितले जाते, आणि नावही त्यावरूनच पडले. तूर, हरभरा, मूग, मसूर, उडीद अशा निरनिराळ्या डाळी एकत्र शिजवावयाच्या. भाजलेला कांदा, सुके खोबरे, तीळ, आले, लसूण व कोथिंबीर यांचे वाटण तेलावर परतावयाचे. त्यात काळा मसाला घालून सढळ हाताने पाणी ओतावयाचे, आणि तर्री वर येईपर्यंत आमटी उकळू द्यावयाची. मग ताटात ज्वारीची भाकरी कुस्करून तीवर ही आमटी घ्यावयाची. तिच्यात दूध नाही, दही नाही, तूप नाही. आणि ती खाणाऱ्याला त्यांची आठवणही होत नाही.

श्रोतेहो, विषय मेक्सिकोच्या स्वयंपाकाचा असता आरंभ करकंबपासून का, असे आपल्या मनात येईल. त्याचे कारण असे. आजकाल शहरातील कित्येक घरांत मुलगा अथवा मुलगी एके दिवशी सांगते की, मांस व अंडी तर नकोतच, पण दूध, तूप आणि मधही मी सोडले. या आहाराला ‘वीगन’ हे नाव इंग्लंडमध्ये 1944 साली मिळाले. कोठे वैद्याच्या सांगण्यावरून दूध बंद होते. कारण कोणतेही असो, परिणाम एकच होतो: एका घरात दोन स्वयंपाक सुरू होतात, आणि हळूहळू जेवणाची वेळही निराळी होते. त्यातून मुलांना हौस परदेशी पदार्थांची. मेक्सिकन म्हणून उपाहारगृहांत जे मिळते, त्यावर बहुधा चीजचा जाड थर असतो. तो काढला तर उरते काय, असा गृहिणीला प्रश्न पडतो, आणि ती महागड्या बनावट चीजच्या पाकिटाकडे वळते. माझे म्हणणे इतकेच आहे की, या पाकिटाची मुळीच गरज नाही. मेक्सिकोच्या जुन्या पदार्थांची चव जेथे आहे, तेथेच करकंबच्या आमटीचीही आहे: भाजण्यात, वाटण्यात आणि मुरू देण्यात.

यासाठी थोडा इतिहास पाहू. स्पॅनिश लोकांनी 1521 साली आजच्या मेक्सिको शहराच्या जागी असलेली राजधानी जिंकली. त्यापूर्वी त्या देशात गाय नव्हती, शेळी नव्हती, डुकरेही नव्हती. म्हणजे दूध, लोणी, चीज आणि डुकराची चरबी या चारही गोष्टी त्या स्वयंपाकात मागाहून आल्या. तेथील लोक पूर्ण शाकाहारी होते असे मात्र कोणी समजू नये. टर्की, हरीण, मासे हे त्यांच्या खाण्यात होते. तथापि रोजचे अन्न म्हणजे मका, घेवड्याचे दाणे, भोपळा आणि मिरची. पदार्थातील दूध व चरबी आपण वगळली, तर परंपरा मोडली असे होत नाही. पुष्कळ ठिकाणी आपण तिच्या जुन्या रूपाजवळच जातो.

आणि त्या देशाचे व आपले देणेघेणे जुने आहे. आपली मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर उतरली. मकाही मूळचा तिकडचाच. विसाव्या शतकात एक मराठी माणूस उलट दिशेने गेला. वर्ध्याचे क्रांतिकारक डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे गदर चळवळीतून परागंदा होऊन मेक्सिकोत पोहोचले, चापिंगो येथील कृषिविद्यालयात प्राध्यापक झाले आणि मक्याच्या सुधारणेचे काम त्यांनी केले. प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिवेरा यांनी मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयातील आपल्या एका भित्तिचित्रात भाकरी वाटून देणाऱ्या पुरुषाच्या रूपात खानखोजे यांनाच रंगविले आहे. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले, आणि 1967 साली नागपूर येथे त्यांचे निधन झाले.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. पहिली गोष्ट तोर्तिया, म्हणजे त्यांची मक्याची भाकरी. आपण मक्याचे कोरडे पीठ मळतो, तसे ते करीत नाहीत. अर्धा किलो सुके पांढरे मके दीड लिटर पाण्यात घ्यावेत आणि त्यात चहाचा एक सपाट चमचा खाण्याचा चुना कालवावा. भांडे स्टीलचे असावे, अॅल्युमिनियमचे नको. आणि चुना पानात खातात तोच घ्यावा, भिंतीचा कदापि नव्हे. मंद आचेवर पाऊण तास शिजवून रात्रभर झाकून ठेवावे. सकाळी दाणे चोळून साल काढावी, तीनचार पाण्यांनी धुवावेत आणि पाट्यावर किंवा ओल्या वाटपाच्या यंत्रात बारीक वाटावेत. या ओल्या पिठाचा लिंबाएवढा गोळा केळीच्या पानाच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवून वर सपाट थाळी दाबावी आणि तापल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजावा.

हा चुना केवळ रिवाज म्हणून घालतात असे नाही. मक्यातील नियासिन नावाचे जीवनसत्त्व बांधलेल्या स्थितीत असते; चुन्याच्या पाण्याने ते मोकळे होऊन अंगी लागते. युरोपीय लोकांनी मका नेला, पण चुन्याची रीत तेथेच सोडली. पुढे मक्यावरच गुजराण करणाऱ्या गरिबांत पेलाग्रा नावाचा भयंकर रोग पसरला. पदार्थातले काय सोडावयाचे आणि काय सोडावयाचे नाही, हे ठरविताना ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. चरबी सोडली तरी चालते. चुना सोडून चालत नाही.

दुसरा पदार्थ ओआहाका प्रांतातील एनफ्रिहोलादास. घेवड्याच्या दाण्यांच्या दाट आमटीत बुडविलेली तोर्तिया, असे त्याचे वर्णन करता येईल. करकंबकराला ही कल्पना समजावून सांगावी लागणार नाही. तिकडे काळे दाणे घेतात. आपल्याकडे राजमा चालेल. चार माणसांसाठी पाव किलो राजमा रात्री भिजत घालावा, सकाळी ते पाणी टाकून ताज्या पाण्यात प्रथम दहा मिनिटे खळखळ उकळावा आणि मग कांदा व लसूण घालून अगदी मऊ शिजवावा. अर्धाकच्चा राजमा पोट बिघडवितो, म्हणून येथे घाई करू नये. चार ब्याडगी मिरच्या तव्यावर क्षणभर भाजाव्यात; काळ्या पडल्या तर कडू होतात. त्या गरम पाण्यात वीस मिनिटे भिजवून, राजमा व त्याचेच पाणी घालून सर्व एकत्र वाटावे. ओआहाकात यात बडीशेपेसारख्या वासाचे एक पान घालतात. आपण बडीशेपच चिमूटभर घालावी. मग शेंगदाण्याच्या तेलात बारीक कांदा चांगला तांबूस होऊ द्यावा, कारण चरबीने येणारा खमंगपणा येथे कांद्यालाच आणावयाचा आहे. त्यावर वाटण ओतून दहा मिनिटे शिजवावे. पातळ पिठल्याइतके झाले की तोर्तिया त्यात बुडवून दुमडाव्यात. वर चीजऐवजी भाजलेल्या शेंगदाण्यांचे जाडसर कूट मीठ व लिंबू लावून पसरावे, आणि कच्चा कांदा व कोथिंबीर घालावी. चीजचे काम येथे खारट व आंबट चव देण्याचे असते, आणि ते या कुटाने होते.

तिसरा प्रकार पिपियान. लाल भोपळ्याच्या सोललेल्या बिया व तीळ भाजून, भिजविलेल्या मिरच्यांबरोबर वाटून केलेला हा दाट रस्सा. मूळ पदार्थात तो कोंबडी किंवा टर्कीवर घालतात आणि त्याच मांसाच्या पाण्याने पातळ करतात. मांसाच्या पाण्याऐवजी काय, याचे उत्तर आपल्या आजीबाईंनी पुरणपोळीच्या दिवशीच देऊन ठेवले आहे. हरभऱ्याची डाळ शिजवून काढलेला कट घ्यावा. त्याने रश्श्याला अंग येते. आत उकडलेला बटाटा, भोपळ्याच्या फोडी किंवा दोडका घालावा. पुएब्लाचा सुप्रसिद्ध मोलेही याच जातीचा आहे: मिरच्या, तीळ, शेंगदाणे, मनुका आणि थोडे कोको यांचे वाटण. त्यातही हा कट चालतो.

जे जमत नाही तेही सांगितले पाहिजे. तारा सुटणारे चीज घरच्या कोणत्याही वस्तूने साधत नाही. ज्या पदार्थाचा जीवच चीज, तो करू नये, निराळा निवडावा. मात्र तामाले, म्हणजे पानात गुंडाळून वाफविलेले मक्याचे पीठ, चरबीवाचून जमते. त्याचा हलकेपणा फेसण्यामुळे येतो. खोबरेल तेल घालून पीठ हलके होईपर्यंत फेसावे.

शेवटी एक इशारा. केवळ वनस्पतिजन्य आहारात बी-12 हे जीवनसत्त्व भरवशाने मिळत नाही, आणि ते कमी पडल्यास रक्त व मज्जातंतू यांवर परिणाम होतो. म्हणून दूध सोडणाऱ्याने वैद्याच्या सल्ल्याने त्याची गोळी किंवा ते मिसळलेले अन्न घेतलेच पाहिजे. वाढत्या मुलांच्या व गरोदर स्त्रियांच्या बाबतीत तर हयगय नको.

एवढे सांभाळले, तर दोन स्वयंपाकांचे कारण उरत नाही. पदार्थातून एखादी वस्तू काढावयाची झाल्यास ती तेथे कोणते काम करीत होती हे आधी पाहावे: खारटपणा, आंबटपणा, खमंगपणा की दाटपणा. मग ते काम करणारी वस्तू आपल्याच फडताळात शोधावी. ती बहुधा सापडते. आणि मग सर्वांनी एकाच पंक्तीला बसून एकच आमटी वाढून घ्यावी.