वाळवंटातील तांडा

वाळवंट म्हटले की आपल्या मनात थरचे किंवा अरबस्तानचे चित्र उभे राहते. पण ऑस्ट्रेलिया खंडाच्या पोटातही एक मोठे वाळवंट पसरलेले आहे. त्याचे नाव सिम्प्सन. क्षेत्रफळ सुमारे १,७६,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक. त्यात वाळूच्या अकराशेंवर टेकड्या समुद्राच्या लाटांप्रमाणे एकीमागे एक समांतर उभ्या आहेत. त्या साधारण उत्तर-दक्षिण धावतात. पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणाऱ्याला त्यांतील एकही टाळता येत नाही. आजकाल हौशी प्रवासी वाटाड्याच्या देखरेखीखाली, पाच-सात मोटारींचा तांडा करून हे वाळवंट ओलांडतात. तांडा करूनच का, हे आज आपल्याला पाहायचे आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. हा प्रदेश निर्मनुष्य नव्हता. वांगकांगुरू लोक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत येथे राहत होते. वाळूखालचे पाणी नेमके कोठे लागते हे त्यांना ठाऊक होते. हातांनी खोदलेल्या त्या अरुंद, खोल विहिरींना ते ‘मिकिरी’ म्हणत. या ज्ञानावाचून येथे एक आठवडाही काढणे कठीण. १९३६ साली टेड कॉल्सन या गोऱ्या माणसाने उंटांवरून हे वाळवंट पार केले, तेव्हा त्याच्या सोबतीला पीटर एन्स हा आदिवासी होता. ऑस्ट्रेलियात उंट आले तेही आपल्या बाजूने. १८६० साली बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी ते कराचीहून नेण्यात आले होते. पुढे १९६२ साली रेज स्प्रिग या भूशास्त्रज्ञाने पत्नी आणि दोन मुलांसह प्रथमच मोटारीतून हे वाळवंट ओलांडले.

आता प्रत्यक्ष प्रवासाकडे वळू. पश्चिमेला माउंट डेअर, पूर्वेला बर्ड्सव्हिल; मधले अंतर सुमारे ५०० किलोमीटर. या टप्प्यात पेट्रोल किंवा डिझेल कोठेही मिळत नाही. मऊ वाळूत इंधन नेहमीपेक्षा पुष्कळच अधिक लागते, म्हणून ते हिशेबाने बरोबर न्यावे लागते. पाणी माणशी रोज निदान पाच लिटर, आणि त्यावर काही दिवसांची शिल्लक. वाळू लागली की वाटाडा सर्वांना थांबवून टायरांतील हवा कमी करायला लावतो. चौरस इंचाला ३५-४० पौंड असलेला दाब १६-१८ पौंडांवर आणतात. त्यामुळे टायर पसरतो, वजन अधिक जागेवर वाटले जाते आणि चाक रुतत नाही. वाटही मोडत नाही. दाब न उतरवणारा मनुष्य चाके गरगर फिरवून मागून येणाऱ्यांसाठी खड्डे करून ठेवतो.

टेकडीच्या पलीकडून समोरून कोण येत आहे हे चढणाऱ्याला दिसत नाही. म्हणून प्रत्येक मोटारीच्या पुढे उंच काठीला नारिंगी निशाण बांधणे सक्तीचे आहे. ते जमिनीपासून निदान साडेतीन मीटर उंच असावे लागते. शिवाय प्रत्येक मोटारीत बिनतारी संदेशयंत्र असते. एक मोटार माथा ओलांडून ‘पार झालो’ असे कळवीपर्यंत पुढची मोटार चढायला लागत नाही. सर्वांत पुढे वाटाडा आणि सर्वांत मागे दोर, फावडी आणि हत्यारे घेतलेला जाणता मनुष्य. आपल्या वारीच्या दिंडीत विणेकऱ्याची आणि चोपदाराची जागा ठरलेली असते, तसेच हे. वेग ठरतो तो सर्वांत सावकाश चालणाऱ्या मोटारीवरून.

उन्हाळ्यात, म्हणजे तिकडे १ डिसेंबरपासून १५ मार्चपर्यंत, दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या हद्दीतील वाळवंट प्रवाशांना बंद असते. हा निर्बंध वाजवी आहे. १९६३ सालच्या डिसेंबरातील घटना पाहा. या वाळवंटाच्या पूर्वेकडून बर्ड्सव्हिलला जाणाऱ्या एकाकी रस्त्यावरून आई, वडील आणि तीन मुलगे असे एक कुटुंब मोटारीने निघाले. ते वाट चुकले, पेट्रोल संपले, पाणीही अपुरे होते. अखेर मोटार सोडून ते पायी निघाले. पाचांपैकी एकही जण वाचला नाही. मोटार सावली देते आणि विमानातून दिसते; भर उन्हात चालणारा मनुष्य दिसत नाही. म्हणून आजही वाटाडा पहिल्याच सायंकाळी सांगतो, काहीही झाले तरी मोटार सोडू नका.

त्या कुटुंबाच्या मागून दुसरी मोटार येत नव्हती आणि त्यांचा शब्द कोणाच्या कानावर पडण्याची सोय नव्हती. तांड्याने भागते ती नेमकी हीच उणीव. मुक्कामाला पोचल्यावर कोण पुढे होता याला फारसे महत्त्व राहत नाही. निघाले तितके सर्व आले की नाही, एवढेच वाटाडा मोजतो. आणि शेवटची मोटार येईपर्यंत चूल पेटली तरी पंगत बसत नाही. वांगकांगुरू लोकांनी पाण्याच्या जागा पिढ्यान्‌पिढ्या परस्परांच्या स्मरणात जपल्या, त्यामागेही हीच समजूत होती. एकट्याचे धाडस वाळवंटात फार दूर जात नाही.