सतारीला मान मिळाला, कारखान्याचे काय?

मिरजेची सतार आणि मिरजेचा तानपुरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आम्हाला मनापासून आनंद झाला. लढायांचे दिवस सरल्यावर शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगारांनी आपला हुनर तंतुवाद्यांकडे वळवला. ही परंपरा फरीदसाहेब शिकलगार यांच्यापासून सांगितली जाते. त्यांना पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय होता. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांनीही मिरजेत वास्तव्य केले. १९३७ साली त्यांचा इंतकाल झाला आणि इथल्याच ख्वाजा शमना मीरा दर्ग्यात त्यांचा दफनविधी झाला.

आता संस्थाने नाहीत, सरकारी योजना आहेत. त्यांतले किती या कारागिरांच्या हाती लागते?

मानांकन संस्थेच्या नावावर असते. आपल्या मालावर ते लावायचे तर प्रत्येक कारागिराने 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतंत्र नोंदणी करायला हवी. पुष्कळांना वाटते, गावाला मिळाले म्हणजे आपल्यालाही मिळाले. तसे नाही.

खरी अडचण भांडवलाची. पंढरपूरकडचा भोपळा आणायचा, महिनोन्‌महिने वाळवायचा, लाकूड मुरू द्यायचे. तोवर घरातला पैसा छताला टांगलेला! त्यात एकदम पन्नास वाद्यांची मागणी आली तर आनंदाऐवजी धडकीच भरते.

२०२३ च्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. शिंपी आहे, गवंडी आहे, बाहुल्या करणाराही आहे. वाद्य घडवणाऱ्याचे मात्र नाव नाही. सुतार म्हणून अर्ज करता येईल, पण सतार घडवणाऱ्याने स्वतःला सुतार का म्हणवून घ्यावे?

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम मोठा आहे. उत्पादनासाठी पन्नास लाखांपर्यंतचा प्रकल्प करता येतो. अल्पसंख्याक आणि महिला यांना शहरात २५ टक्के, खेड्यात ३५ टक्के अनुदान मिळते, पदरचे पाच टक्के घालावे लागतात. व्यवसाय वाढवण्यासाठी एक कोटीपर्यंतचे दुसरे कर्जही आहे. पण मेख इथेच आहे. पहिले कर्ज फक्त नव्या उद्योगाला मिळते आणि दुसरे अशाच एखाद्या योजनेतले कर्ज फेडलेल्याला. ज्याने पिढ्यानपिढ्या सरकारकडे हात न पसरता कारखाना चालवला, तो नवा नाही आणि वाढीलाही पात्र नाही! हा नियम बदलावा, अशी आमची स्पष्ट मागणी आहे.

शिवाय ही सारी कर्जे व्याजाची. व्याजाला हात न लावणारी घरे आपल्यात कमी नाहीत. त्यांच्यासाठी 'स्फूर्ती' योजनेचा रस्ता आम्हाला अधिक बरा वाटतो. पाचशेपर्यंत कारागिरांच्या समूहाला अडीच कोटींपर्यंत, त्याहून मोठ्या समूहाला पाच कोटींपर्यंत मदत मिळू शकते. सामाईक यंत्रे, वाळवणीची जागा, बांधणीची सोय असे काही उभे करता येते आणि कुणा एकट्याच्या डोक्यावर कर्ज बसत नाही. अट एकच, एकत्र येण्याची. चुलतभावांचा आधीचा हिशेब मिटलेला नसेल तर ही अट व्याजापेक्षाही जड जाते, हे आम्ही जाणतो.

तूर्त उद्यम नोंदणी करून ठेवावी. ती मोफत आहे, दलालाला एक पैसाही देऊ नये. विकलेल्या प्रत्येक वाद्याची पावती फाडावी, कारण बँक सुरांवर नाही, कागदावर विश्वास ठेवते. मानांकनाची वैयक्तिक नोंदणी ज्यांनी केली असेल, त्यांनी किती दिवस लागले आणि कोणते कागद मागितले, ते आम्हाला अवश्य कळवावे. पुढच्या अंकात छापू.